कंपनी गेलेली गाडी घ्यावी का?

आज आम्ही चारचाकी गाडीबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात हा विषय कुठून आला असं काहींना वाटेल. पण आमच्या गटांच्या मासिक सभेत कर्जाचे अर्ज वाचताना हल्ली बदल दिसतो. पूर्वी शेळी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मुलीची फी अशी कारणं असायची. आता मधूनच 'जुनी चारचाकी' असंही कारण येतं. त्याला आम्ही हौस म्हणून नाकं मुरडत नाही. माण-खटावसारख्या भागात शेवटची एसटी चुकली की रात्री पेशंट न्यायला भाड्याची गाडी काय मागते, हे ज्या घराने भोगलंय त्यालाच माहीत.

या अर्जांमध्ये एका गाडीचं नाव पुन्हा पुन्हा येतं, फोर्डची इकोस्पोर्ट. कोणाच्या भाच्याने सांगितलेलं असतं, कोणाच्या दिरांनी बघून ठेवलेली असते. गाडी उंच, दिसायला रुबाबदार, पत्रा जाड, आणि तेवढ्याच वयाच्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीपेक्षा किंमत कमी. एवढी चांगली आहे तर स्वस्त का, हा प्रश्न आम्ही सभेत विचारला तेव्हा बहुतेकींना उत्तर माहीत नव्हतं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ही गाडी भारतात २०१३ च्या जूनमध्ये विक्रीला आली. चार मीटरच्या किंचित आत बसवलेली. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाडीला कर कमी लागतो, म्हणून या मापाच्या उंच गाड्यांची पुढे रांगच लागली. इकोस्पोर्ट त्या रांगेत अगदी पुढची. चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरच्या कारखान्यात ती तयार व्हायची आणि परदेशातही जायची. मग ९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डने जाहीर केलं की भारतात विक्रीसाठी गाड्या बनवणं थांबवतोय. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरपेक्षा जास्त तोटा झाला, असं कंपनीनेच सांगितलं. निर्यातीची शेवटची इकोस्पोर्ट २०२२ मध्ये बाहेर पडली. सर्व्हिस आणि सुटे भाग देत राहू, असंही कंपनी तेव्हा म्हणाली.

म्हणजे गाडी खराब होती म्हणून बंद पडली असं नाही, कंपनीचा धंदा इथे जमला नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. गाडी उद्या रस्त्यावर चालायची थांबणार नाही. पण बाजारातलं तिचं गिऱ्हाईक कमी झालं, आणि म्हणून तुम्हाला ती स्वस्त मिळते. तुम्ही विकायला जाल तेव्हा तुमच्याकडूनही ती तशीच स्वस्तात मागितली जाईल. एजंट हे अर्धंच सांगतो. अलीकडे तर तो आणखी एक वाक्य जोडतो: "ताई, फोर्ड परत येतेय, आत्ता घेऊन ठेवा, भाव वाढणार." चेन्नईचा कारखाना पुन्हा वापरायचं फोर्डने जाहीर केलंय हे खरं, पण ते निर्यातीसाठी. आपल्या शोरूममध्ये नवी इकोस्पोर्ट येणार आहे असा त्याचा अर्थ नाही. या वाक्यापोटी एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता गाडीकडे वळू. 'इकोस्पोर्ट' हे एक नाव आहे, पण त्या नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या गाड्या आहेत, आणि कुठली हाती लागते यावर सगळं अवलंबून आहे.

डिझेलचं इंजिन दीड लिटरचं. हेच इंजिन फोर्डच्या फिगो आणि अस्पायरमध्येही होतं, त्यामुळे इंजिनाचे भाग मिळायला आणि ते खोलणारा मिस्तरी सापडायला त्यातल्या त्यात सोपं. ॲव्हरेज चांगलं. गिअर हाताने टाकायचे. आम्हाला विचाराल तर २०१७ च्या शेवटी गाडीत बदल झाले, त्यानंतरची आणि २०२० च्या आधीची, बिलं जपून ठेवलेली डिझेल गाडी ही यातली सगळ्यात बिनघोर निवड.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ चे नियम आले. त्यानंतरच्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी एक जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ही जाळी साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग, वेगात चालावी लागते. तुमचा वापर घर ते शाळा, शाळा ते बाजार असा चार-पाच किलोमीटरचा असेल, तर ती तुंबते, दिवा लागतो आणि खर्च निघतो. नवी आहे म्हणून चांगली, हा हिशोब इथे लागू पडत नाही. रोज सातारा-पुणे करणाऱ्याला ती ठीक, आपल्या वस्तीवरच्या फेऱ्यांना नाही.

पेट्रोलमध्ये एक लिटरचं टर्बो इंजिन आहे, इकोबूस्ट. त्याला जगभरात बक्षिसं मिळाली आहेत आणि चालवायला ते खरंच जोरदार. पण त्याचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला असतो. २०१७ च्या शेवटी आलेल्या दीड लिटरच्या तीन सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनातही तसंच. मागच्या मालकाने स्वस्तातलं, चुकीचं ऑइल टाकलं असेल किंवा ऑइल वेळेवर बदललं नसेल, तर हा बेल्ट झिजतो, त्याचे कण ऑइलच्या वाटेत अडकतात आणि इंजिनाला ऑइल पोचेनासं होतं. बाहेरून बघून हे कळत नाही. गाडी पुसून-पासून झकास दिसेल, आवाजही येणार नाही. म्हणून या दोन इंजिनांच्या बाबतीत आमचा नियम कडक आहे. ऑइल बदलल्याची बिलं दाखवली तर पुढे बोलायचं, नाहीतर चहा पिऊन घरी यायचं.

आणि २०१७ च्या आधीची ऑटोमॅटिक पेट्रोल. वहिनींना गिअरची कटकट नको म्हणून हीच दाखवतात. तिच्यात पॉवरशिफ्ट नावाचा दोन क्लचचा गिअरबॉक्स आहे. त्याबद्दल बऱ्याच देशांत तक्रारी झाल्या. ऑस्ट्रेलियात तर या गिअरबॉक्सच्या तक्रारी ग्राहकांशी नीट न वागता हाताळल्या म्हणून २०१८ मध्ये न्यायालयाने फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, आणि त्यात इकोस्पोर्टही होती. तालुक्याच्या गावात हा गिअरबॉक्स उघडणारा हात मिळणं कठीण. ही गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. २०१७ नंतरच्या ऑटोमॅटिकमध्ये वेगळ्या, जुन्या पद्धतीचा गिअरबॉक्स आहे, तिला हे लागू नाही.

गाडी बघायला जाताना आपला मिस्तरी न्या, एजंटचा नको. मिस्तरीला हजार-दीड हजार रुपये रोख द्या, म्हणजे तो आपल्या बाजूने बोलतो. त्याला गाडीखाली शिरू द्या, शॉकअप, बुश, स्टिअरिंग हे त्याचं काम. पण काही गोष्टी आपल्यालाही दिसतात. मागचा दरवाजा वर उघडत नाही, कपाटासारखा बाजूला उघडतो, आणि स्टेपनीचं चाक त्याच्यावरच टांगलेलं असतं. इतकी वर्षं ते ओझं बिजागऱ्यांनी पेललंय. दरवाजा उघडून हाताने वर-खाली करून बघा, खाली बसलाय का. मागून ठोकर लागलेली असेल तर तिथलाच रंग वेगळा दिसतो. २०२१ च्या एका मॉडेलमध्ये मात्र मागे स्टेपनी नाहीच, पंक्चर काढायचा नुसता संच दिलेला होता. आपल्या काटेरी रस्त्यांना तो संच कितपत पुरेल ते तुम्हीच ठरवा.

मीटरवरचे किलोमीटर मागे फिरवता येतात. पण पायाखालच्या क्लचच्या पेडलचं रबर आणि स्टिअरिंगचं झिजलेलं कातडं मागे फिरवता येत नाही. मीटर चाळीस हजार सांगतंय आणि पेडल गुळगुळीत झालंय, तर काय समजायचं ते समजा.

पुराची गोष्ट आपल्या भागासाठी खास. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या. इकोस्पोर्टचं वयही नेमकं तेच. एमएच १० किंवा एमएच ०९ नंबरची गाडी म्हणजे बुडालेलीच असं मुळीच नाही, आणि बुडालेली गाडी दुसऱ्या जिल्ह्यातही विकली जाते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीचा डाग दिसतो का बघा. पायाखालचं मॅट उचला. सीट जिथे खाली आवळलेली असते तिथले बोल्ट गंजलेत का ते बघा. वरून अत्तर मारलेलं असतं, पण मॅटखालचा कुबट वास बाईच्या नाकातून सुटत नाही.

२०१३-१४ ची डिझेल असेल तर अजून एक विचारा. इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्यांच्या दुरुस्तीसाठी २०१६ मध्ये कंपनीने अशा हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या. ते काम या गाडीचं झालं होतं का? चॅसी नंबर सांगून अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारता येतं. आणि तोच फोन करताना हेही विचारून घ्या की आपल्या गावापासून सगळ्यात जवळचं चालू सेंटर कुठलं, हेडलाइट किंवा बंपर मागवला तर किती दिवसांत येतो. ब्रेकपॅड, फिल्टर, क्लचप्लेट बाहेर दुकानात मिळून जातात. अडतं ते काचा, दिवे, सेन्सर, दरवाजे यांच्यापाशी. गाडी पंधरा दिवस गॅरेजला उभी राहिली तर तुमचं चालेल का? घरात दुसरं वाहन असेल तर चालेल. गाडी डायलिसिसच्या पेशंटसाठी घेताय तर चालणार नाही. मग गावोगावी जिचे मिस्तरी आहेत अशी साधी गाडी घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

आता पैशाचं. समजा गाडी चार लाखांची ठरली, एक लाख घरचे, तीन लाख कर्ज, चौदा टक्क्याने, चार वर्षांसाठी. हप्ता साधारण ८,२०० रुपये. चार वर्षांत ३ लाख ९३ हजारांच्या आसपास फेड. म्हणजे चार लाखांची गाडी जवळजवळ पाच लाखांना पडली, विमा, टायर, दुरुस्ती वेगळी. आमच्या गटांत आम्ही असं ठरवलंय की जुन्या गाडीसाठी अर्ज आला तर किमतीशिवाय चाळीस-पन्नास हजार रुपये हाताशी शिल्लक आहेत का, हे आधी बघायचं. ते नसतील तर अर्ज सहा महिने पुढे ढकलायचा. बायका नाराज होतात. होऊ देत.

आणि ज्या गोष्टीवर सभेत सगळ्यात जास्त वाद होतो ती ही. कर्ज ताईच्या नावावर, सह्या ताईच्या, हप्ता पापड-शेवयांच्या पैशातून, आणि आरसी बुकावर नाव मालकांचं. का? "त्यांना बरं वाटतं" किंवा "बाईच्या नावावर गाडी कशाला," एवढंच उत्तर येतं. गाडी नावावर असायला गाडी चालवता यावी लागत नाही. उद्या घरात काही बरंवाईट झालं, भांडण झालं, गाडी विकली गेली, तरी हप्ता ताईलाच भरायचा आहे. म्हणून कर्ज जिच्या नावावर, आरसी तिच्या नावावर, असा ठराव आम्ही केला आहे. दोन घरांतून आम्हाला बोलणी खावी लागली. ठराव तसाच आहे.

कागद बघताना घाई नको. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, आरसीवर बँकेचा बोजा आहे का, हे दिसतं. बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेले ई-चलनाचे दंड विकणाऱ्याने भरायचे. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, अर्ज तीस दिवसांत करायचा. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन "नंतर करू" म्हणणाऱ्या एजंटला आधी पैसे देऊ नका. दिल्लीच्या नंबरची डिझेल फार स्वस्त सांगतात, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर वर्षानुवर्षे बंदीची टांगती तलवार आहे. ती इथे आणायची तर तिकडची एनओसी, इथली नोंदणी, इथला कर, सगळं आपल्या डोक्यावर. आणि २०१३ ची गाडी २०२८ ला पंधरा वर्षांची होते, तेव्हा पुनर्नोंदणीचा खर्च आहे. चार वर्षांचं कर्ज काढताना हे साल डोळ्यासमोर ठेवा.

शेवटी विमा. मालक बदलला की चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा. नाहीतर गाडीचं नुकसान झाल्यावर कंपनी पैसे द्यायला नकार देऊ शकते. मागच्या मालकाला मिळणारी नो क्लेम बोनसची सूट आपल्याला मिळत नाही, ती त्याच्याबरोबर जाते, म्हणून पहिला हप्ता थोडा वाढलेला दिसेल. बंद झालेल्या मॉडेलची विम्यातली किंमत ठरलेल्या तक्त्यावरून निघत नाही, ती विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. पॉलिसीवर जो आकडा छापून येतो, गाडी चोरीला गेली तर तेवढेच मिळतात. तेव्हा सही करण्याआधी तो आकडा वाचा, आपलं उरलेलं कर्ज त्यापेक्षा जास्त नाही ना ते बघा. कमी लिहिला असेल तर फोन करून वाढवून मागा. तो मागायचा आपल्याला हक्क आहे. कागद समजत नसेल तर येताना पॉलिसी सभेला घेऊन या, सगळ्याजणी मिळून वाचू.