दातांची कीड आणि समाजाची जबाबदारी



दात किडला असे आपण म्हणतो, तेव्हा दातात एखादा किडा शिरला असावा, अशी समजूत आपल्या भाषेनेच करून दिलेली आहे. वस्तुतः तोंडातले सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण विरघळवते. ही झीज लाळ हळूहळू भरून काढते. परंतु त्यासाठी तिला उसंत मिळाली पाहिजे.

या उसंतीचे महत्त्व स्वीडनमध्ये स्पष्ट झाले, आणि ते फार महागात पडले. लुंड येथील विपेहोल्म या सरकारी संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे ठेवली जात. १९४५ साली तेथे दातांविषयीचे प्रयोग सुरू झाले. ४०० हून अधिक रहिवाशांचे गट पाडण्यात आले. काहींना जेवणाबरोबर भरपूर साखर दिली. काहींना मुद्दाम चिकट बनवलेल्या टॉफ्या, एका गटाला तर दिवसाला २४, जेवणांच्या मधल्या वेळी. १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबरच्या साखरेने कीड फारशी वाढली नव्हती. टॉफ्या खाणाऱ्यांत मात्र ती झपाट्याने फैलावली होती. साखर किती खाल्ली याहून ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती काळ चिकटून राहिली, यावर सारे अवलंबून होते. त्या माणसांची संमती कोणी विचारली नव्हती. दात त्यांचे गेले. शहाणपण जगाच्या पदरात पडले.

स्वीडनने ते वाया दवडले नाही. मुलांना गोळ्या-चॉकलेटे फक्त शनिवारी, असा रिवाज पुढे तेथे रुजला. सार्वजनिक दंतसेवा तर १९३८ सालीच सुरू झाली होती. केवळ आईला उपदेश करून सरकार मोकळे झाले नाही.

आपल्याकडे काय चालते? मूल रडले की बिस्किट, पाहुणा आला की चॉकलेट, आणि शाळेच्या फाटकाशी गोळ्यांची बरणी. मग दाढ ठणकू लागली की बोल आईला! ती रोजावर जाणारी असेल, तर दंतवैद्याकडे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडायची, वर उपचाराचा खर्च. म्हणून दुखणे लवंगेवर ढकलले जाते आणि शेवटी दात उपटावा लागतो. याला हयगय म्हणण्यापूर्वी आपण त्या घरचा जमाखर्च पाहावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. औषध म्हटले, की ते गरिबाच्या घरी पोचविण्याची जबाबदारी समाजावर येते.

गावातील प्रत्येक शाळेत वर्षातून एकदा दातांची तपासणी व्हावी, फाटकापासची बरणी दूर जावी, आणि मधल्या वेळी मुलांच्या हातावर शेंगदाणे किंवा पेरूची फोड पडावी, एवढेच माझे मागणे आहे. विपेहोल्मच्या त्या माणसांचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.