हजेरी घेणाऱ्यांनो



अध्यक्षानं गोड बोलावं आणि हार घेऊन घरी जावं, असा आपल्या ख्रिस्ती मेळाव्यांचा रिवाज आहे. तो आज मोडतो आहे.

सकाळच्या सत्रातल्या साक्षी मी ऐकल्या. सगळ्यांचा साचा एकच. पूर्वी मी दारू प्यायचो, शिवीगाळ करायचो, आता प्रभूनं मला धुऊन काढलं. जुन्या पापांची यादी दोन पानं, आणि आजच्या पापाबद्दल एक ओळ नाही! बाप्तिस्मा झाला की गर्व, हेवा, तुच्छता यांची बदली दुसऱ्या गावी होते की काय? जकातदाराकडे बघून देवाचे आभार मानणाऱ्या परूशाची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो. ती ऐकून ‘बरं झालं, मी परूशी नाही’ म्हणत घरी जाणारे आपणच.

सोलापुरात या गर्वाच्या विषयासाठी पोथी उघडावी लागत नाही. रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ एवढं म्हणा, तो बरोबर नेऊन सोडेल. पण त्या नावाचा इतिहास आपल्या तोंडी येत नाही. इंग्रज सरकारनं 1871मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढं त्याच कायद्याच्या नंतरच्या रूपाखाली इथं वसाहत उभी राहिली. भोवती तारेचं कुंपण, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायचं तर पास. कैकाडी, पारधी, टकारी, मांगगारुडी, कंजारभाट यांच्या घरी जन्मलेलं पोर पाळण्यातच गुन्हेगार. कायदा सरकारचा होता, हे खरं. पण अशा वसाहती चालवायला देशात मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) पुढं आली, आणि सोलापुरात काही वर्षं अमेरिकन मराठी मिशन.

त्यांनी शाळा चालवल्या, औषधपाणी केलं. मी ते नाकारत नाही. त्यातली पुष्कळ माणसं मनानं भली होती, आणि म्हणूनच मामला गंभीर आहे. मग्रूर माणसाचा गर्व लांबून दिसतो. सेवा करणाऱ्याचा गर्व त्याचा त्यालाही दिसत नाही. ‘आम्ही यांना सुधारतो’ या वाक्यात ‘हे बिघडलेले आहेत’ हा निकाल आधीच लागलेला असतो. दुसऱ्याचा न्याय करू नका, असं रविवारी शिकवणारी मंडळी सोमवारी जन्मावरून चोर ठरवलेल्यांच्या वसाहतीचा कारभार बघत होती. आपल्या जयंती-शताब्दीच्या स्मरणिकांत दवाखाने येतात, शाळा येतात, मिशनरी बाईंचा फोटो येतो. कुंपण येतं का?

कुणी म्हणेल, तो गोऱ्या साहेबांचा काळ, आमचा काय संबंध? सांगतो. लग्नाच्या बैठकीत चहाचा कप बशीत ठेवता ठेवता एक मामा हळूच विचारतात, ‘तसे तुम्ही मूळचे कोण?’ ‘आम्ही ख्रिस्ती’ या उत्तरानं त्यांचं समाधान होत नाही. मग आजोबांचं गाव विचारलं जातं, गावात घर कुठल्या बाजूला होतं ते विचारलं जातं. ही हजेरीच आहे. दुसऱ्या पंथाच्या माणसाचं तारण झालं की नाही, हे परस्पर ठरवून टाकणारे तर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. प्रभुभोजनाआधी स्वतःला पारखायचं असतं. आपण शेजारच्या बाकावरच्याला पारखतो.

लेखकांनो, खरी साक्ष कशी लिहावी हे शिकायला लांब जाऊ नका. कवी नारायण वामन टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई 1900पर्यंत अडून राहिल्या. त्यातला काही काळ त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात काढला. ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहायला बसल्यावर या बाईंनी धर्मांतराचा पोवाडा गायला नाही. स्वतःचं सोवळं-ओवळं, परजातीच्या हातच्या पाण्याची भीती, नवऱ्यावरचा राग, सगळं हसत हसत चव्हाट्यावर मांडलं. मुख्य म्हणजे नंतरच्या दिवसांतही त्या स्वतःला संतीण करून घेत नाहीत. आपल्या साक्षींत हा विनोद औषधालाही सापडत नाही, कारण स्वतःला हसायला गर्व थोडा खाली ठेवावा लागतो. आणि टिळक? 1917मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ मांडला, आणि त्याचं दार बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही उघडं ठेवलं. आज ते हयात असते, तर आपल्यातल्या किती मंडळींनी त्यांना व्यासपीठ दिलं असतं, याचा विचार पाळकांनी करावा.

गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभरातून गेला. त्या वसाहतीत वाढलेल्यांची नातवंडं या शहरात आहेत. शिक्षक आहेत, वकील आहेत, लिहिणारीही आहेत. माझा ठराव असा: मिशननं चालवलेल्या वसाहतीचा इतिहास त्यांच्याकडून लिहून घ्यावा, एक शब्दही न गाळता छापावा, आणि पुढच्या वर्षी या खुर्चीवर त्यांच्यापैकी कुणाला तरी बसवावं. आपण श्रोत्यांत बसू आणि मध्येच उठून खुलासे करणार नाही.

सूचक मी आहे. अनुमोदक तुमच्यातून हवा, आणि तो आत्ता हवा.