आशा पुथली : मुंबईची जॅझ गायिका

भातलावणीला आपण गाणी म्हणतो. चाल एकच, पण प्रत्येकीच्या गळ्यात ती थोडी वेगळी वळते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलावंतांनी घडवलेल्या जॅझ संगीतातही तसंच असतं. चाल ठरलेली, पण तिचा विस्तार गाता गाता आपल्या मनाने करायचा.

हे संगीत गाणाऱ्या आशा पुथली १९४५ साली मुंबईत जन्मल्या. लहानपणी त्या आपलं शास्त्रीय गाणं शिकल्या, पाश्चात्त्य ऑपेराचं गाणंही शिकल्या. जॅझची ओढ मात्र रेडिओने लावली. मग मुंबईतल्या जॅझ बँडबरोबर त्या गाऊ लागल्या. आलापीची सवय होतीच, ती इथे कामाला आली.

पुढे त्यांनी हवाई सुंदरीची नोकरी केली, नृत्याची शिष्यवृत्ती मिळवली आणि न्यूयॉर्क गाठलं. तिथे ऑर्नेट कोलमन या मोठ्या जॅझ संगीतकाराने त्यांना आपल्या ‘सायन्स फिक्शन’ या रेकॉर्डसाठी दोन गाणी दिली. १९७१ साली ती गायल्या, तेव्हा त्यांचं वय होतं सव्वीस. १९७३ साली त्यांची स्वतःची रेकॉर्ड आली.

आपल्या घरात मात्र दहावी आली की लेकीचं गाणं आधी बंद होतं. मग लग्न, मग संसार. मैत्रिणींनो, लेक रेडिओबरोबर गुणगुणत असेल तर तिला रोजचा अर्धा तास रियाजाला द्या. भांडी तेवढा वेळ थांबतील.