घंटेवरचे नाव

जर्मनीत नव्याने राहावयास गेलेल्या मराठी कुटुंबाची पहिली फजिती बहुधा टपालपेटीपाशी होते. तेथील पत्त्यात इमारतीचा क्रमांक असतो, सदनिकेचा सहसा नसतो. पोस्टमन आडनाव शोधतो. ते नसेल तर बँकेचे कार्ड, निवास परवान्याचे पत्र, सारे परत जाते. नगर कार्यालयात १४ दिवसांच्या आत वास्तव्याची नोंद झालेली असली, तरी पोस्टमनला त्याचे काय! मग 'कुलकर्णी' हे नाव रोमन लिपीत घंटेवर व पेटीवर लावावे लागते, तेही घरमालकास विचारून. रविवारी मात्र भिंतीस भोक पाडू नये. त्या दिवसाच्या विश्रांतीस १९४९च्या राज्यघटनेचेच संरक्षण आहे, आणि शेजारीण तिची राखणदार! पण पाटी लागली की तीच शेजारीण 'फ्राऊ कुलकर्णी' अशी हाक मारते आणि त्यांचे पार्सल आपल्याकडे ठेवून घेते.