न्यायासन किती दूर?



न्यायाधीशांच्या उणिवेचा विषय आपल्याकडे बहुधा आकड्यांतच मांडला जातो. १९८७ साली देशात दर दहा लाख लोकसंख्येमागे दहाच्या आसपास न्यायाधीश होते; ते पन्नास असावेत, अशी शिफारस विधी आयोगाने त्या वर्षी केली. परंतु न्यायाधीश किती, याइतकाच ते बसतात कोठे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. सुरतेचा इतिहास त्याची साक्ष देतो.

१८२० च्या दशकात मुंबई इलाख्याची सदर अदालत काही काळ याच शहरात भरत असे. अपील ऐकणारे न्यायासन तेव्हा सुरतकरांच्या दाराशी होते. पुढे अदालत मुंबईस गेली आणि १८६२ साली मुंबई उच्च न्यायालयात विलीन झाली. १ मे १९६० रोजी गुजरातचे उच्च न्यायालय पाच न्यायाधीशांनिशी अहमदाबादेस सुरू झाले. सुरतेच्या पक्षकाराची दिशा बदलली. अंतर मात्र फारसे घटले नाही. रेल्वेने मुंबई सुमारे २६३ किलोमीटर, तर अहमदाबाद सुमारे २३०. आज त्या न्यायालयासाठी ५२ न्यायाधीश मंजूर आहेत. त्यांचे आसन अहमदाबादेतच आहे. सुरतेस खंडपीठ असावे, ही येथील वकीलवर्गाची मागणी म्हणूनच अद्याप जिवंत आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने निराळा मार्ग धरला. त्याचे न्यायाधीश मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर व गोव्यातील पर्वरी येथेही बसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरास सर्किट बेंच सुरू झाले व सहा जिल्ह्यांची मुंबईची वारी टळली.

विभागणीवर आक्षेपही आहेत. न्यायाधीश वाटले की मुख्य आसनावरील संख्या घटते. ग्रंथालय व कार्यालय दोन ठिकाणी उभारावे लागते. निर्णयांतील एकवाक्यता सांभाळावी लागते. हे आक्षेप पोकळ नव्हेत. तथापि दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही पाहिले पाहिजे. उधना-लिंबायतेतील यंत्रमाग कामगाराला तारखेसाठी परगावी जायचे म्हणजे रोज बुडतो, भाडे पडते, वकील निराळा करावा लागतो. अशा वेळी तो अपीलच करीत नाही. न झालेले अपील प्रलंबित प्रकरणांच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. आणि नव्या न्यायाधीशांची गरज तर बहुधा त्याच तक्त्यांवरून ठरते! अशा रीतीने अंतर स्वतःचाच पुरावा पुसून टाकते.

म्हणून न्यायाधीशांची वाटणी करताना दाखल झालेल्या प्रकरणांबरोबर दाराशी न पोहोचलेल्या माणसाचाही हिशेब धरला पाहिजे.