हाताला काम, कामातून ज्ञान



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात शिक्षणसाह्याचा विचार करताना पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाचे कार्य नजरेसमोर ठेवण्याजोगे आहे.

डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हर कंपनीतील शास्त्रज्ञ. मानाची नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पाबळ या अवर्षणग्रस्त गावी हा आश्रम स्थापन केला. शाळेत मागे पडलेला मुलगा बुद्धीने मागे नसतो. काम करता करता तो उत्तम शिकतो, ही त्यांची श्रद्धा होती. तेथील निवासी अभ्यासक्रमात शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य हे चार विभाग आहेत. परंतु खरा पाठ्यक्रम म्हणजे गावाची गरज.

विहीर कोठे खणावी, हा कोरडवाहू शेतकऱ्याच्या संसाराचा प्रश्न. भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेण्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजणारे यंत्र आश्रमात तयार झाले आणि विद्यार्थी ते घेऊन शिवारात गेले. मोठा ट्रॅक्टर न परवडणाऱ्यासाठी जुन्या जीपचे भाग वापरून 'मेकबुल' हा छोटा ट्रॅक्टर बनवला गेला. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पाबळची घुमटाकार घरे भूकंपग्रस्त भागातही उभी राहिली. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेच्या साह्याने तेथे 'फॅब लॅब' ही अद्ययावत कार्यशाळा सुरू झाली. २००३ साली डॉ. कलबाग निवर्तले, कार्य मात्र थांबले नाही.

यातील मर्म सोलापूरच्या कापडपेठेला सहज उमगेल. गिऱ्हाइकाची पसंती न विचारता पेढीवर बसून ठरविलेला माल गाठोड्यातच राहतो. शेतीच्या अवजारांचेही तसेच आहे. अभियंत्यास शास्त्र ठाऊक असते. जमिनीचा पोत, पावसाचा लहरीपणा आणि स्वतःची ऐपत शेतकरीच जाणतो. दोघे एकत्र बसले, तरच उपयोगाची वस्तू घडते.

मंगळवेढ्याच्या ज्वारीवर व सांगोल्याच्या डाळिंबावर आपल्या पेठांची दिवाळी अवलंबून असते. मग शिक्षणसाह्याचा निकष केवळ गुणपत्रिका असावा काय? दहावीत अडखळलेल्या, पण हातात कसब असलेल्या मुलालाही शिष्यवृत्ती मिळावी. अभियांत्रिकीच्या लाभार्थी विद्यार्थ्याने सुट्टीतील काही दिवस शेतकऱ्याच्या बांधावर घालवावेत, त्याची अडचण ऐकावी आणि त्याच्यासमवेत तोडगा शोधावा. दान दिल्याने गरज भागते. सोबत शिकल्याने स्वावलंबन येते. विश्वस्त मंडळाने या सूचनेचा अवश्य विचार करावा, ही नम्र विनंती.