कांचेवरील रंग आणि कांचेमागील दिवा

चित्रपटाच्या पूर्वेतिहासांत कल्याण शहराचें नांव एका विशेष कारणानें घेतलें जातें. १८९२ च्या सुमारास तेथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवाचे दीपखेळ सुरू केले. कांचेच्या लहान पट्ट्यांवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्यापुढें धरावयाचीं, भिंगांतून त्यांची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडावयाची, आणि एकामागून एक पट्ट्या बदलून चित्रांतील पात्रें हालतात असा भास उत्पन्न करावयाचा, असें या खेळाचें स्वरूप होतें.

कांच, रंग आणि दिवा या त्रयीचा दुसरा एक संसार पुढें अमेरिकेंत शिकागो शहरीं थाटला गेला. तो म्हणजे पिनबॉलचा खेळ. खिळे ठोकलेल्या उतरत्या फळीवर गोळी सोडण्याचा बागाटेलचा खेळ ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना पिनबॉलचें मूळ निराळें सांगावयास नको. १९३१ सालीं गॉटलीब कंपनीनें काढलेलें ‘बॅफल बॉल’ हें यंत्र अतोनात खपलें. नंतरच्या कांहीं वर्षांत या खेळांत वीज आली, आणि फळीच्या मागील टोंकास एक उभी पेटी बसूं लागली. तिच्या तोंडाशीं रंगीत चित्राची कांच आणि आंत दिव्यांच्या ओळी. १९४७ सालीं त्याच कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रांत गोळी परतविणारे विजेचे हात, म्हणजे फ्लिपर, प्रथम आले. न्यूयॉर्क शहरांत १९४२ पासून १९७६ पर्यंत या खेळास जुगार समजून बंदी होती, आणि पोलिसांनीं जप्त केलेलीं यंत्रें घणानें फोडलीं होतीं. परंतु जीं यंत्रें अशा आपत्तींतून वांचलीं, त्यांच्या चित्रांचा खरा शत्रु त्यांच्याच पोटांत होता. तो शत्रु म्हणजे दिवा.

कल्याणच्या शेजारीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लष्करासाठीं छावणी उभारली होती. १९४७ सालच्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तींत आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीचें नांव उल्हासनगर असें ठेवण्यांत आलें. तेथील विभाग आजहि कॅम्पच्या क्रमांकांनींच ओळखले जातात. आणि लहानसहान कारखाने, विजेच्या वस्तू व नानाविध दुरुस्त्या यांविषयीं त्या गांवाची ख्याति आहे. समजा, तेथील कॅम्प नंबर ३ मधील एखाद्या कारागिराकडे पन्नास-साठ वर्षांपूर्वींचें एक अमेरिकन पिनबॉल यंत्र आलें. अर्धे दिवे विझलेले, तांबडा रंग विटून गुलाबी झालेला, आणि कांचेवरील चित्राचे पापुद्रे सुटलेले. मालकाचें म्हणणें एकच: “नव्यासारखें करून द्या.” कारागिरानें काय करावें?

प्रथम वीज. अमेरिकेंतील घरगुती वीज सुमारें १२० व्होल्टची व सेकंदास ६० आवर्तनांची असते. आपल्याकडील २३० व्होल्टची व ५० आवर्तनांची. व्होल्ट उतरविणारा ट्रान्सफॉर्मर लावला म्हणजे भागलें, असें समजण्याचें कारण नाहीं. कारण त्यानें आवर्तनें बदलत नाहींत. केवळ ६० आवर्तनांसाठीं बांधलेला यंत्रांतील ट्रान्सफॉर्मर ५० वर अधिक तापतो. म्हणून त्यावरील पाटी वाचून, जरूर तर ५० आवर्तनांस योग्य असा नवा गुंडाळून घ्यावा. त्यानंतर दिव्यांकडे वळावें. दिवा न लागण्याचें कारण पुष्कळदां बल्ब नसून त्याचा होल्डर असतो. वर्षानुवर्षांच्या दमटपणानें पितळेवर मळी चढते, स्प्रिंग ढिली पडते आणि विजेच्या वाटेंत अडथळा उत्पन्न होतो. होल्डर घासून स्वच्छ केला, अथवा सैल सांध्यावर बारीक तार डाखली, तर मेलासा वाटलेला दिवा पुन्हा पेटतो.

जुन्या यंत्रांत ४४ क्रमांकाचे बल्ब सर्रास वापरीत. ते ६.३ व्होल्टवर पाव अँपिअर वीज घेतात. असे तीस बल्ब एका बंद पेटींत लागले म्हणजे सुमारें ४७ वॉटची शेगडीच पेटल्यासारखें होतें. त्यांच्याच मापाचे ४७ क्रमांकाचे बल्ब लावल्यास हा आंकडा २८ वर येतो, आणि प्रकाशाची जात जुनीच राहते. एलईडी दिवे याहूनहि थंड खरे. पण साधा एलईडी उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर प्रत्येक आवर्तनाचा अर्धा भागच प्रकाशतो आणि सेकंदास पन्नास वेळां मिणमिणतो. म्हणून तो घ्यावयाचा झाल्यास ही उणीव भरून काढलेला घ्यावा, आणि निळसर पांढरा न घेतां पिवळसर छटेचा घ्यावा.

ही उष्णतेची चिंता कशासाठीं, हें त्या चित्राच्या घडणीवरून समजेल. दर्शनी कांचेवरील चित्र पुढून नव्हे, तर मागील बाजूनें छापलेलें असतें. रेशमी जाळीच्या छपाईनें आधीं काळ्या रेषा, मग एकामागून एक रंग, आणि शेवटीं प्रकाश अडविणारा थर असा उलटा क्रम असतो. जेथें दिवा दिसावयाचा तेथें तो थर सोडून देतात. दिवा लागला कीं कांच व रंग दोन्ही तापतात, पण सारख्या प्रमाणांत प्रसरण पावत नाहींत. हजारों वेळां असें ताणले गेल्यावर रंगाची पकड सुटते. त्यांत कोंकणपट्टीच्या पावसाळ्याची ओल मिळाली म्हणजे पापुद्रे उठण्यास वेळ लागत नाहीं. तांबडा रंग विटतो तो बहुधा खिडकींतून येणाऱ्या सूर्यप्रकाशानें. काळा त्या मानानें फार काळ टिकतो.

अशा कांचेची मागील बाजू ओल्या फडक्यानें पुसणें हा सर्वांत मोठा घात होय. धुळीबरोबर चित्रहि निघून येतें. शहाणा कारागीर प्रथम कांच आडवी ठेवून तिचें छायाचित्र घेतो, मऊ कुंचल्यानें धूळ उचलतो, आणि कोपऱ्यांत परीक्षा करून मगच पारदर्शक ॲक्रिलिक लेपाचे पातळ हात देऊन सुटूं पाहणारे पापुद्रे जागच्या जागीं धरून ठेवतो. गेलेल्या जागा त्यानंतर भरावयाच्या. येथें नवशिक्याची फसगत होते. पुढून पाहतां हुबेहूब जुळलेला तांबडा मागें दिवा लागतांच काळपट किंवा फिकट दिसतो. कारण एक रंग प्रकाश परतवून दिसतो व तोच दुसऱ्या वेळीं प्रकाश गाळून दिसतो. म्हणून प्रत्येक मिश्रण दिवसाच्या उजेडांत आणि पेटलेल्या दिव्यापुढें असें दोनदां पारखावें लागतें, आणि तेंहि पेटींत कायम राहणाऱ्या बल्बपुढेंच. दिवे आणि रंग हीं दोन कामें निराळीं मानणाऱ्याचें काम दोनदां करावें लागतें, तें यासाठींच.

आतां मालकाची मागणी. सर्व चित्र खरवडून नव्यानें रंगविलें, तर यंत्र नव्यासारखें खचित दिसेल. परंतु मूळ चित्रकाराची रेषा कायमची जाईल आणि ती पुन्हा कोणाला मिळवितां येणार नाहीं. उलट, राहिलेलें जसेंच्या तसें सांभाळून केवळ गेलेल्या जागा भरल्या, आणि त्याहि पुढें काढून टाकतां येतील अशा रंगानें, तर चेहऱ्यावर चार डाग राहतील, पण तो चेहरा खरा राहील. यंत्र रोज खेळावयाचेंच असेल तर पेटीला नवी छापलेली कांच बसवावी व मूळ कांच कोरड्या जागीं उभी जपून ठेवावी. हा खर्च मालकाला आधींच सांगावा आणि त्याची संमति घ्यावी.

कोणतीहि वाट धरली तरी दिवे रात्रंदिवस जळत ठेवूं नयेत. खेळ संपला कीं कळ बंद करावी. आणि पेटीच्या आंत एक कागद चिकटवावा: कोणत्या जागीं कोणता रंग नवा भरला, कोणता लेप दिला, कोणत्या क्रमांकाचे बल्ब बसविले आणि कोणत्या सालीं. तीस वर्षांनीं दुसरा कोणी कारागीर ती पेटी उघडील, तेव्हां जुनें कोणतें आणि नवें कोणतें हें त्याला तर्कानें ठरवावें लागूं नये.